घाटमाथ्यावरचा वळीव

मे महिन्याचा मध्य होता. शाळांना सुटी लागून पंधरवडा उलटला होता. पुण्याच्या दाट वस्तीत वाढलेल्या नीलिमेला आणि सुहासला मोकळ्या आकाशाखाली एक रात्र काढण्याची फार दिवसांची हौस होती. बाबांनी ती पुरवण्याचे ठरवले. नवा तंबू घरी आला. तो दिवाणखान्यात दोनदा उभारून पाहण्यात आला. आईने दशम्या, चटणी व चिवडा बांधून घेतला, आणि एके दिवशी पहाटेच्या एस.टी.ने मंडळी जुन्नरला जाऊन पोहोचली. तेथून जीपने नाणेघाटाकडे त्यांचा प्रवास सुरू झाला.

वाटेत माणिकडोहचा जलाशय दिसला. उन्हाळ्यामुळे त्याचे पाणी बरेच खाली गेले होते. मग चावंडचा किल्ला आला. त्यानंतर जीवधनचे काळेभोर कडे दिसू लागले आणि रस्ता एका विस्तीर्ण पठारावर येऊन थांबला. पठाराच्या पश्चिम टोकाला जमीन एकाएकी संपते आणि तिच्याखाली कोकणची हिरवी-करडी भूमी पसरलेली दिसते.

नाणेघाट ही फार जुनी वाट आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळात, कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने बैलांच्या पाठीवरून जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे. घाटात खडक कोरून केलेले एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. येणारे-जाणारे व्यापारी जकातीची नाणी या रांजणात टाकीत, असे लोक परंपरेने सांगत आले आहेत. बाबांनी ही सर्व माहिती वाटेतच सांगून ठेवली होती. त्यामुळे मुलांना केव्हा एकदा तेथे पोहोचतो असे झाले होते.

कड्यापासून थोड्या अंतरावर, जेथून कोकण व जीवधन ही दोन्ही नजरेत येतील अशा उघड्या जागी बाबांनी तंबू ठोकण्यास घेतला. तेवढ्यात चार गाई व दोन वासरे हाकीत एक मुलगा तेथे आला. तो बारा वर्षांचा असावा. थोडा वेळ तो काही न बोलता पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, हितं नका ठोकू. ही जागा उघडी हाये. पल्याड, आमच्या वस्तीकडं चला."

"का रे? जागा तर छान आहे," बाबा म्हणाले.

"आज लई उकाडा हाये. दुपारपतूर वळीव येईल."

बाबा हसले. त्यांनी आदल्या रात्रीच हवामानाचा अंदाज वाचला होता. 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' एवढेच त्यात म्हटले होते. आकाश तर चोहीकडे निरभ्र होते. "तुरळक ठिकाणी येईल, बाळ. सगळीकडे नाही," ते समजावणीच्या सुरात म्हणाले.

मुलाने वाद घातला नाही. "माझं नाव सोमा. ते झाडामागचं पहिलं घर आमचं. लागलं तर या," एवढे बोलून तो गाईंमागे निघून गेला.

तंबू उभा राहिला. मंडळी लेणे पाहण्यास खाली उतरली. उंच छतामुळे आत गारवा होता. एका भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आता त्यांची केवळ पावले उरली आहेत आणि वरती त्यांची नावे शिल्लक आहेत. सुहास त्या पावलांसमोर बराच वेळ उभा राहिला. नीलिमा अक्षरांवरून नजर फिरवीत होती. तिला एकही अक्षर लागेना. "हीच अक्षरे बदलत बदलत आपली देवनागरी झाली," असे बाबांनी सांगितले तेव्हा तिला मोठे नवल वाटले.

दुपारी दोनच्या सुमारास सर्वजण वर आले तेव्हा हवा अगदी पडली होती. झाडाचे पान हलत नव्हते. अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. तंबूच्या बाजूला मुंग्यांची एक लांब रांग पांढरी अंडी तोंडात धरून उंचावरच्या दगडाकडे चालली होती. सुहासने पश्चिमेकडे पाहिले. पाऊस समुद्राकडून येतो हे त्याला ठाऊक होते. कोकणावर एकही ढग नव्हता. तो आनंदाने ओरडला, "बाबा, आकाश स्वच्छ आहे!"

त्याच क्षणी मागून हाक आली. सोमा धावत येत होता. त्याच्या गाई शेपट्या वर करून आपणहून घराकडे पळत सुटल्या होत्या. "तिकडं काय बघता? हिकडं बघा!" त्याने पूर्वेकडे हात केला.

जुन्नरच्या बाजूला, जीवधनच्या खांद्यामागून, कापसाच्या राशीसारखा एक प्रचंड ढग वर चढत होता. त्याचे डोके पांढरेशुभ्र होते. तळ मात्र शाईसारखा काळा पडला होता. पाहता पाहता त्या काळोखात एक रेघ लखलखली. नीलिमा शाळेत शिकलेले विसरली नव्हती. वीज चमकलेली आपल्याला त्याच क्षणी दिसते; परंतु आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर एवढ्याच वेगाने येतो. म्हणजे एक किलोमीटर अंतर तोडण्यास त्याला साधारण तीन सेकंद लागतात. ती मनात आकडे मोजू लागली. चोविसाव्या आकड्याला गडगडाट ऐकू आला.

"बाबा, आठ किलोमीटर!" ती म्हणाली. "तीस आकडे मोजून होण्याच्या आत आवाज आला, तर उघड्यावर थांबू नये असे बाईंनी सांगितले आहे."

बाबा क्षणभर तंबूकडे पाहत राहिले. मग त्यांचा निर्णय झाला. "सोमा, तुझे घर किती दूर आहे?"

"धा मिनिटं. पर आता निघायचं."

एव्हाना वारा सुटला होता. त्याने तंबूची दोरी एका झटक्यात उपटून टाकली आणि तंबू एका बाजूला कलला. बाबांनी वरचे जलरोधक कापड ओढून काढले, त्याची मोट खांद्यावर टाकली आणि बाकीचे सामान तेथेच सोडून सर्वजण सोमाच्या मागे निघाले. वाटेत आंब्याचे एक मोठे एकटे झाड लागले. सुहास त्याच्या बुंध्याशी थांबू पाहत होता. सोमाने त्याला हाताला धरून पुढे ओढले. "एकट्या झाडाखाली न्हाई थांबायचं. वीज पहिली तिथंच येती."

सोमाचे घर वस्तीच्या कडेला होते. घर कौलारू होते. भिंती कुडाच्या असून त्या शेणामातीने सारवलेल्या होत्या. पुढे मोठे अंगण होते, आणि ते सर्व अंगण सुकत घातलेल्या लहान, लांबट, काळपट फळांनी भरून गेले होते. एक वृद्ध स्त्री वाकून दोन्ही हातांनी ती फळे गोळा करीत होती. तिच्याजवळ पाच वर्षांची एक मुलगी टोपली धरून उभी होती. ती सोमाची धाकटी बहीण मनी. सोमाचे आईवडील जुन्नरच्या बाजाराला गेले होते. घरी आजी, नात आणि नातू यांखेरीज कोणी नव्हते.

"काय आहे हे?" आईने विचारले.

"बाळहिरडा," सोमा म्हणाला. "भिजला की बुरशी धरतो. मग त्याला कुणी इचारत न्हाई."

या डोंगराळ भागात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. पावसाळ्यात येथे भात व नाचणी पिकते. परंतु ते धान्य बहुतेक घरातच संपते. मीठमिरची, कपडे, मुलांची वह्या-पुस्तके आणि बियाणे यांसाठी जो रोख पैसा लागतो, तो अनेक कुटुंबांना हिरडाच देतो. उन्हाळ्यात उंच झाडांवर चढून कोवळी फळे उतरवायची, ती उन्हात कडक वाळवायची आणि मग विकायची. हिरडा औषधी आहे. आवळा आणि बेहडा यांच्याबरोबर त्याचे त्रिफळाचूर्ण होते. अंगणात पसरलेली ती फळे म्हणजे एका घराची दोन महिन्यांची मेहनत आणि येणाऱ्या वर्षाचा आधार होता.

आईने पदर खोचला. बाबांनी पिशव्या खाली टाकल्या. कोणी कोणाला काही सांगितले नाही. सोमाने घरातून रिकामी पोती आणली आणि भराभर भरणे सुरू झाले. विजेचा लखलखाट झाला. नीलिमेने पुन्हा आकडे मोजले. बारा!

"पोरं आत!" आजीने हुकूम सोडला. "सोमा, तू बी आत. दारातून पोती वढा."

मुले घरात गेली. मोठी माणसे पोती उंबऱ्यापर्यंत आणीत आणि मुले ती आत ओढून घेत. अंगणाचा तीन चतुर्थांश भाग रिकामा झाला. पावसाचे टपोरे थेंब पडू लागले. तापलेल्या मातीचा वास उठला. कोपऱ्यात एक मोठी रास अजून शिल्लक होती. बाबा तिच्याकडे धावले, तेव्हा आजीने त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे तेवढं, लेका. हिरडा पुढल्या साली झाडाला पुन्यांदा येतो. मानूस येत न्हाई."

बाबांनी तिच्याकडे पाहिले. ज्या राशीसाठी या घरातील माणसे उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत चढली होती, ती रास सोडून द्यायला ही वृद्ध स्त्री एका शब्दात तयार झाली होती. बाबांनी खांद्यावरची मोट सोडली, तंबूचे ते नवे कापड राशीवर टाकले, त्याच्या चारही कडांवर आजीने दगड ठेवले आणि दोघेही धावत घरात आली. दार लागले न लागले तोच गारांचा मारा सुरू झाला.

कौलांवर कोणी मूठमूठ खडे फेकीत असावे तसा आवाज होत होता. वीज गेली होती. आजीने कंदील लावला व सर्वांना भिंतींपासून दूर, घराच्या मधोमध बसवले. मनी सुहासच्या मांडीशी सरकून बसली. सुहासलाही भीती वाटत होती. परंतु ती लहान मुलगी आपल्याकडे पाहत आहे हे लक्षात येताच तो ताठ बसला आणि तिला चिवड्याची पुडी उघडून देऊ लागला.

"आजी, पाऊस तर समुद्राकडून येतो. मग हा पूर्वेकडून कसा आला?" त्याने विचारले.

आजी हसली. "त्यो मिरगाचा पाऊस, बाळा. त्यो कोकनातून येतो, आन् आला की ऱ्हातो. ह्यो वळीव. ह्यो बहुतेक उगवतीकडनं येतो, दांडगाई करतो आन् निघून जातो."

बाबांनी त्यामागचे कारण सांगितले. मे महिन्यात दिवसभराच्या उन्हाने जमीन तापते. तिच्यालगतची दमट हवा हलकी होऊन वेगाने वर चढते. उंचावर ती थंड होते, तिच्यातील बाष्पाचे थेंब व हिमकण बनतात आणि काही तासांत कित्येक किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. म्हणून वळीव प्रायः दुपारनंतर येतो. ढगातील हिमकण परस्परांवर आदळून विद्युतभार साठतो आणि त्यातून वीज निर्माण होते. सोमा एकाग्र होऊन ऐकत होता. ढग कोणत्या दिशेने येणार, हे तो ओळखत होता. तो कसा तयार होतो हे त्याला आज कळले. बाबांना ढगाची घडण ठाऊक होती; परंतु आज तो आपल्याच माथ्यावर येणार आहे, हे त्यांना सोमाकडून कळले होते.

"सोमा, सकाळी मी तुझे ऐकायला हवे होते," बाबा सर्वांदेखत म्हणाले.

सोमा लाजला व चुलीतील लाकूड उगीचच पुढे सारू लागला.

तासाभराने पाऊस ओसरला. मुले बाहेर जाण्यासाठी चुळबुळ करू लागली. परंतु शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास होईपर्यंत नीलिमेने कोणालाही उंबरा ओलांडू दिला नाही. नंतर दार उघडले तेव्हा अंगण गारांनी पांढरे झाले होते. आजीने आधी गोठ्याकडे, मग कापडाखालच्या राशीकडे पाहिले. कापड जागच्या जागी होते.

रात्री उशिरा सोमाचे आईवडील परतले. वाटेत झाड पडल्याने त्यांना दोन तास थांबावे लागले होते. तेवढा वेळ अंगणातील हिरड्याच्या आणि घरातील तीन जीवांच्या काळजीने त्यांचा जीव टांगणीला लागला होता. दारात अनोळखी चपला पाहून सोमाचे वडील थबकले. आत भिंतीशी रचलेली पोती दिसली, पोत्यांना टेकून झोपलेली चार मुले दिसली, आणि ते काही न बोलता खाली बसले. त्या रात्री सर्वांनी मिळून नाचणीची भाकरी, लसणाची चटणी आणि पुण्याहून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. आकाश धुऊन निघाले होते. अंगणापलीकडच्या झाडांवर काजवे लुकलुकत होते. मनी झोपेतून उठून नीलिमेला त्यांचे झाड दाखवून आली.

सकाळी सर्वजण तंबूच्या जागी गेले. तेथे घोटाभर पाणी साचले होते. तंबूच्या दांड्या वाकल्या होत्या आणि आतील पांघरुणे चिखलात रुतली होती. आईने मुलांना जवळ ओढून घेतले. त्या जागेविषयी कोणी काही बोलले नाही.

नंतर मुले सोमाबरोबर पुन्हा लेण्यात उतरली. सोमा लहानपणापासून तेथे गुरे घेऊन येत असे. पाऊस आला की तोही तेथेच थांबत असे. परंतु भिंतीवरच्या रेघा म्हणजे अक्षरे आहेत आणि ती एका राणीच्या आठवणीने ओळखली जातात, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. नीलिमेने ते सांगितले. तो भिंतीजवळ गेला आणि पुष्कळ वेळ ती अक्षरे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी त्या येळचे व्यापारी बी पावसात हितंच थांबत असतील."

"थांबत असतील. पण वर त्यांना जकात द्यावी लागे," सुहास म्हणाला.

निघण्याची वेळ झाली. बाबांनी संकोचाने खिशात हात घातला. आजीच्या ते लक्षात आले आणि तिचा चेहरा गंभीर झाला. "काल तू पोती भरलीस, त्याची मजुरी मी तुला दिली का?" तिने विचारले. बाबांनी हात तसाच बाहेर काढला.

मग बाबा म्हणाले, "आजी, हे तंबूचे कापड येथेच राहू द्या. हिरडा झाकायला उपयोगी पडेल."

आजीने कापड हातात घेतले, ते चाचपून पाहिले आणि विचार करून म्हणाली, "उसनं म्हनून ठेवते. पुढल्या साली पोरांना घेऊन ये, आन् घेऊन जा."

जीप वळण घेऊन पठार उतरू लागली. सोमा व मनी आंब्याच्या झाडापर्यंत धावत आली आणि तेथे हात हलवीत उभी राहिली. सुहास मागे वळून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होता. जुन्नर जवळ आल्यावर बाबांनी सवयीप्रमाणे हवामानाचा अंदाज पाहिला आणि मोठ्याने वाचला, "आजही तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस."

सुहास काही वेळ गप्प राहिला. मग त्याने हळूच विचारले, "बाबा, तुरळक ठिकाणी म्हणजे आज कोणाच्या अंगणात?"

बाबांनी उत्तर दिले नाही. त्यांनी खिडकीतून पूर्वेकडे पाहिले.

अभ्यास

१. सोमाचा सल्ला बाबांनी सकाळी का मानला नाही? दुपारी त्यांचे मत कशामुळे बदलले?

२. वीज चमकल्यानंतर १५ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर ती वीज साधारण किती अंतरावर पडली असेल? अशा वेळी तुम्ही काय कराल?

३. वळीव आणि मृगाचा पाऊस यांतील फरक आजीने कोणता सांगितला?

४. 'हिरडा पुढल्या साली झाडाला पुन्यांदा येतो. मानूस येत न्हाई.' हे उद्गार आजीने कोणत्या प्रसंगी काढले? त्यावरून तिचा स्वभाव कसा दिसतो?

५. आजीने पैसे नाकारले. परंतु कापड 'उसनं' म्हणून ठेवून घेतले. असे तिने का केले असावे?

६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : जीव टांगणीला लागणे, पदर खोचणे, नजरेत येणे.

७. आपल्या गावातील एखाद्या वृद्ध व्यक्तीला पावसाची कोणती लक्षणे ठाऊक आहेत ते विचारा आणि दहा ओळींत लिहा.